उसने जिताडे

"पानी वाईट म्हन, पोरी. हजारदा म्हन. पन जिताडा वाईट म्हनू नको."

हिराजी मोकल मला हे म्हणाले तेव्हा माझा एक पाय चपलेत होता आणि एक त्यांच्या ओटीवर. एका हातात थर्माकोलचा डबा, दुसऱ्या हातात द्रवरूप नायट्रोजनचा, झाकणातून पांढरा धूर सोडणारा. त्या धुरामुळे अर्धं खारसोंडे गाव माझ्यामागून चालत आलं होतं. कुल्फीवाली आलीय असा सगळ्यांचा समज.

"काका, मी अजून काहीच म्हटलेलं नाही," मी म्हटलं.

"म्हनून आदीच सांगतो."

माझ्या पीएच.डी.च्या दिवसांतली ही गोष्ट. तेव्हा मी वजनानं निम्मी होते आणि रागानं दुप्पट. गाव उदगीर, घर लिंगायत. आमच्याकडे अंडं हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारायचे. मासा मी पहिल्यांदा पाहिला तो प्रयोगशाळेच्या ट्रेमध्ये, आणि पुढची सगळी वर्षं त्याच्या कलेजीतच गेली. आई लोकांना सांगायची, नंदा पाण्यावर काहीतरी करते.

खारसोंडे खाडीकाठी. घरोघरी मागच्या दारी तळं, आणि तळ्यात जिताडा. हा मासा त्या गावात नुसता खायचा नसतो. जावयाला जिताडा, बाळंतपण सुखरूप करणाऱ्या डॉक्टरला जिताडा, बदली होऊन निघालेल्या साहेबाला जिताडा. ज्याच्या तळ्यात जिताडा मोठा त्याचा आवाज पंचायतीत मोठा. आणि हिराजीकाकांचा आवाज एके काळी सगळ्यांत मोठा होता.

मग खाडीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. त्याचं पाणी खाडीत, खाडीचं पाणी भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, काकांच्या तळ्यात. आता कारखान्याला आणखी जास्त पाणी सोडायचं होतं. परवानगी द्यायची की नाही, ते प्रांतसाहेबांपुढच्या सुनावणीत ठरणार होतं. परवानगी मिळाली असती तर काकांना तळं बुजवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. त्याआधी कारखान्याचे एक तज्ज्ञ पंचायतीत येऊन सगळ्यांसमोर बोलून गेले होते, की पाणी उत्तम आहे, मोकलांचे मासे आजारी असतील तर मोकलांनाच मासे राखता येत नाहीत. बियाणं वाईट, खाणं वाईट, निगा शून्य. हे काकांच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून मी. पाण्यानं मासा आतून किती त्रासलाय, हे मोजून दाखवणं माझं काम.

"आतला तरास भायरून कसा कलतो?" काकांनी विचारलं.

"लोखंड गंजतं ना, तसं विषारी पाण्यात माशाचं अंग आतून गंजायला लागतं. ते थांबवायला माशाची कलेजी काही रसायनं बनवते. कॅटलेज म्हणून एक आहे, एसओडी म्हणून एक आहे. आणि अंगातली चरबी गंजली की तिचा एक अंश मागे उरतो, एमडीए. हे सगळं मोजलं की मासा किती ताणात आहे ते कळतं."

"माशाला ताण? त्याला काय पोरगी लग्नाची हाय?"

ओटीवर हशा झाला. मीही हसले, मग शिकवणीच्या आवाजात म्हटलं, "तुमच्या तळ्यातल्या माशांची आणि चांगल्या पाण्यातल्या माशांची तुलना करायची. फरक पडला की झालं काम."

चांगलं पाणी होतं चांगुणाकाकूंच्या तळ्यात. काकू म्हणजे काकांच्या थोरल्या भावाच्या बायको, विधवा, गावाच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या. त्यांच्या तळ्याला पाणी दुसऱ्या खाडीचं, तिथवर कारखाना पोचत नव्हता. दिराभावजयीत भांडण असं नव्हतं, पण जिताड्यावरून टोमणे चालायचे.

काकांनी मासे आदल्या दिवशीच धरून, तळ्याच्या कडेला चार काठ्या रोवून जाळीत ठेवले होते. "तुला उनात ताटकलत बसवायची का?" मासे असे कोंडले तरी त्यांना ताण येतो, म्हणून मी आधी कुरकुर केली. मग चांगुणाकाकूंनाही त्यांचे मासे रात्रभर तसेच कोंडायला लावले, म्हणजे दोन्हीकडे सारखं.

"कलेजी तू घेनार. आनि मासा?" काकांनी विचारलं.

"तुम्हालाच. मी खात नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "घरात कोन आजारी हाय का? नवसबिवस?"

काकांच्या जाळीतले मासे इतके देखणे होते की मला जरा आश्चर्यच वाटलं. चांदीसारखे, भरलेले. पण आतला ताण बाहेरून दिसत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरत होते, तेव्हा स्वतःलाही तेच सांगितलं आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी चांगुणाकाकूंकडे मासा ट्रेवर ठेवला तर शेपटीचा खालचा कोपरा कापलेला. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचाही.

"काकू, हे काय?"

"मीच कापते. बारीक असतांना, कातरीनं." काकू विळीवर नारळ खोवत होत्या. "मागं तल्यातून चोरी झाली. बाजारात माजाच मासा माज्यासमोर इकला, आनि मना तो माजा म्हनता येइना. आता शेपटी परत उगवली तरी वाकडी उगवते. शंभर माशांत माजा वलखू येतो."

मला ती युक्ती आवडली. डब्याचं झाकण लावून मी निघाले.

निकाल आला तो असा, की मी यंत्र तीनदा बंद करून चालू केलं. दोन तळ्यांतल्या माशांत काहीच फरक नाही. म्हणजे कणभरही नाही. घाणेरड्या पाण्यातला मासा आणि चांगल्या पाण्यातला मासा, दोघेही सारखेच निवांत. माझे गाईड पिंगळे सर कागद बघून म्हणाले, "अभिनंदन. कारखान्यानं तुम्हाला पगार द्यायला हवा."

मी संतापले. कुणावर संतापायचं ते कळेना म्हणून हॉस्टेलच्या डाळीवर संतापले. सुनावणीला अजून वेळ होता. सरांनी पुन्हा नमुने घ्यायची परवानगी दिली. मी काकांना फोन करून तारीख कळवली आणि त्याच संध्याकाळी माझ्या अंगावर पुरळ उठलं. कांजिण्या. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा भाचा येऊन गेला होता, त्याच्याकडून मला, माझ्या त्या घोडवयात.

मग रोज फोन. काका विचारायचे, "येतेस का उद्या?" मी म्हणायचे, "दोन दिवसांनी येते." दोन दिवसांनी पुन्हा तेच. असा पंधरवडा गेला. एकदा ते जरा कळवळून म्हणाले, "लवकर ये गो बाय. जास्त दिवस बरं नाय." मला वाटलं माझ्या प्रकृतीची काळजी करतायत. मला भरून आलं होतं.

शेवटी गेले. या वेळी जाळीत मासे नव्हते.

"इतके दिस कोंडून कसं ठेवनार? सोडले तल्यात," काका म्हणाले आणि त्यांनी पाग फेकला. काय तो पाग फेकायचे. कमरेतून एक झोका, आणि जाळं पाण्यावर गोल पसरायचं. ओढलं की आत दोनतीन जिताडे. काका वाकून बघायचे, एखादा ठेवायचे आणि बाकीचे घाईघाईनं परत सोडायचे.

"ते का सोडले?"

"बारीक हायेत."

"अहो, ह्याच्याएवढेच होते."

"तुला बारीक दिसत नाय. तू खात नाय ना."

मी ठेवलेला एक मासा उचलला. पहिल्या वेळचा चमकदार जोर ह्यात नव्हता, रंग मळकट झाला होता. तरी जिताडा तो जिताडा. त्यानं हातातून उसळी मारून शेपटीनं फाडकन माझ्या थोबाडीत दिली. कांजिण्यांच्या खपल्यांवर. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून मला समोर शेपटी दिसली. खालचा कोपरा वाकडा उगवलेला.

मी दुसरा मासा उचलला. तसाच. तिसरा. तसाच.

"काका," मी म्हटलं, "हे मासे कुणाचे?"

काका पागाच्या गाठी सोडवू लागले. गाठ एकही नव्हती.

"कुणाचे?"

"घरचेच म्हनायचे. वयनीचे."

"आणि पहिल्या वेळी?"

"तवा पन वयनीचेच."

म्हणजे मी चांगुणाकाकूंच्या माशांची चांगुणाकाकूंच्याच माशांशी तुलना करत बसले होते. फरक कुठून पडणार होता? पहिल्या दिवशी काकांकडे मी कलेजीपलीकडे काही पाहिलंच नव्हतं. मी डबा खाली आदळला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. माझं वर्ष वाया घालवलंत म्हणाले, तज्ज्ञ तुम्हाला उगाच बोलला नव्हता असंही म्हणाले. मागच्या दारातून काकू ओरडल्या, "म्यां सांगितलं होतं भावजींना, पोरगी शिकलेली हाय, वलखेल." म्हणजे त्याही कटात होत्या आणि माझं भाषण ऐकायला येऊन उभ्या होत्या.

"पन पाव्हनी येनार," काका म्हणाले. "पाव्हनीसमोर काय ठेवू? तू लांबून येनार, डब्यात घालून शेरात नेनार, मशीनवर चडवनार. ते काय असे तसे मासे द्यायचे?"

"मला असे तसेच हवे होते! तुमच्या तळ्यातले, आजारी!"

"आजारी मासा कोन पाव्हन्याला देतो?"

त्यांच्या दृष्टीनं ते मला फसवत नव्हतेच. पाहुणीचा मान राखत होते, आणि जमलं तर आपलाही.

"तुमचे मासे दाखवा," मी म्हटलं.

"नको."

"काका."

"ते नको." त्यांनी तळ्याकडे पाठ केली. मी फार ओढून धरलं नाही. माणसाचा चेहरा बघून काही वेळा गप्प बसावं लागतं, एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

मी डबा उचलला, चप्पल शोधायला लागले. रिकाम्या हातानं सरांसमोर उभं राहायचं, नंतर प्रांतसाहेबांसमोर. कारखाना जिंकणार, हे तळं बुजणार, आणि माझ्या नावावर लिहिलं जाणार की पाणी उत्तम आहे. चप्पल सापडली. पायात घालता घालता मी सहज विचारलं, "हे ह्या वेळचे कधी आणले होते?"

"तू येते म्हनालीस त्याच्या आदल्या दिवशी. मंग तू आलीस कुठं? रोज आज येल, उद्या येल. वयनी रोज म्हनतेत, माजे मासे परत दे, तुज्या पान्यात मरतील. म्हनून तर तुला लवकर ये म्हनत होतो."

मी चप्पल घातलेल्या पायानं तशीच ओटीवर बसले.

"म्हणजे पंधरवडा हे मासे तुमच्या पाण्यात आहेत?"

"हाय ना. बग कसे उतरलेत."

"मोकळे? तुमच्या माशांत? आणि तरी कळतं, हे काकूंचे म्हणून?"

"शेपटी हाय ना."

मला हसू आलं, मग आवरेचना. काका आणि काकू एकमेकांकडे बघायला लागले. कांजिण्या डोक्यात गेल्या असं त्यांना वाटलं असावं. मी सांगितलं तेही त्यांना धड कळेना, कारण मी हसतच सांगत होते. एकच बियाणं, एकाच बाईनं वाढवलेलं, एकाच हातचं खाल्लेलं. त्यातले काही चांगल्या पाण्यात राहिले, काही आजारी पाण्यात गेले, आणि प्रत्येकाच्या शेपटीवर खूण. हे मी स्वतः करायचं ठरवलं असतं तर वर्षभर परवानग्या मागत फिरले असते. तज्ज्ञ म्हणणार मोकलांना मासे राखता येत नाहीत. हे मासे मोकलांनी राखलेलेच नव्हते. बदललं होतं फक्त पाणी.

दोन्ही तळ्यांतले शेपटी कापलेले मासे मी त्याच दिवशी नेले. या वेळी यंत्र एकदाही बंद करावं लागलं नाही. काकांच्या पाण्यात राहिलेल्या माशांची कलेजी अक्षरशः कण्हत होती. पिंगळे सरांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे मासे पंधरा दिवस त्या पाण्यात होते, हे सुनावणीत सांगणार कोण?"

सांगणार एकच माणूस होता.

"नाय," काका म्हणाले. "वकिलापुढं, गावापुढं सांगू, मी वयनीचे मासे उसने आनले? हिराजी मोकलनं? त्यापरीस तलं बुजवतो." मग म्हणाले, "तू बोललीस तर माज्या ओटीवर पाय ठेवू नको."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रात्री मेसची डाळ काही न बोलता गिळली.

सुनावणीला अख्खं खारसोंडे आलं होतं. कारखान्याच्या तज्ज्ञांनी माझे दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "पहिल्या वेळी काहीच फरक नाही. दुसऱ्या वेळी एकदम एवढा फरक. पाणी तेच, तळं तेच. साहेब, बाईंनी सोयीचा निकाल निवडलेला आहे."

प्रांतसाहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणणं आहे?"

मी उभी राहिले. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. समोर तिसऱ्या रांगेत काका बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून, जमिनीकडे बघत. मी तोंड उघडलं आणि मिटलं. असं दोनदा झालं. तज्ज्ञ हसले आणि म्हणाले, "शिवाय दुसऱ्या वेळचे मासे मुळातच रोगट असणार. राखणाराच तसा असेल तर—"

"रोगट?"

चांगुणाकाकू उभ्या राहिल्या होत्या. "माजे जिताडे रोगट? अरे, माज्या तल्यातला जिताडा खाऊन बग एकदा, मंग बोल."

सगळं सभागृह वळलं. प्रांतसाहेबांनी विचारलं, "तुमचे? मासे तर मोकलांच्या तळ्यातले ना?"

काकूंनी पदर तोंडावर घेतला. त्यांनी दिराकडे बघितलं आणि खाली बसल्या. काकांना नुसतं गप्प राहायचं होतं. काकू म्हातारी आहे, काहीतरी बरळली, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

काका उठले.

"सायेब," ते म्हणाले, "घरी पाव्हनी यायची असली आनि आपल्याकडं कपबशा धड नसल्या, तर आपन काय करतो? शेजारून आनतो."

"बरं, मग?"

"मी मासे आनले."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग पाठोपाठ सगळं गाव हसलं. काकांनी हसू दिलं. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या वेळी एक रात्र, दुसऱ्या वेळी पंधरवडा, माझ्या कांजिण्या, शेपटीची खूण, सगळं. त्यांचं झाल्यावर मी माझे कागद घेऊन पुढे गेले, आणि पहिल्या वेळी फरक का नव्हता व दुसऱ्या वेळी का होता, हे समजावायला मला फारसं बोलावंच लागलं नाही. तज्ज्ञ आपले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होते.

प्रांतसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. "पण मोकल, तुमचे स्वतःचे मासे होते ना तळ्यात? ते का नाही दिले?"

काकांनी टोपी हातात फिरवली.

"माज्या बापाच्या तल्यातला जिताडा लोक लग्नाच्या आदी चार महिने सांगून ठेवायचे," ते म्हणाले. "आता जे हायेत, सायेब, ते मी घरात बायकोला पन दाखवत नाय."

या वेळी कुणी हसलं नाही. गावातली ती माणसं, जी मघाशी लोळायच्या बेतात होती, ती काकांकडे बघत बसली. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही, कांजिण्यांचे डाग होतेच चेहऱ्यावर, त्यात खपून गेलं.

जादा पाण्याची परवानगी मिळाली नाही. जे सोडत होते तेही साफ करून सोडा असा हुकूम झाला. कारखान्यानं लगेच ऐकलं असं नाही, दोन वर्षं कोर्ट झालं. पण शेवटी ऐकलं. काकांनी तळ्याचा गाळ उपसला, उघाडी दुरुस्त केली. हे मला फोनवर कळायचं. मी पदवी घेतली, लग्न केलं, नोकरीला लागले, आणि आता मीच विद्यार्थ्यांना यंत्र तीनदा बंद करून चालू करू देत नाही.

अशात एकदा दुपारी प्रयोगशाळेच्या दारात काका. डोक्यावर तीच टोपी, हातात बर्फाचा डबा. एसटीनं आले होते. डबा त्यांनी माझ्या टेबलावर, विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या पेपरांवर ठेवला आणि झाकण काढलं. आत एक जिताडा, डब्यात मावेना म्हणून तिरका घातलेला, चांदीसारखा.

"काका, मी अजून खात नाही हो."

"माहीत हाय. खायला कोनी आनलाय? बगायला आनलाय."

मी डोकं बघितलं नाही, डोळे बघितले नाहीत. सरळ शेपटी धरली, पंखासारखी उघडली, बोट फिरवलं. वरचा कोपरा, खालचा कोपरा.

"बग बग," काका म्हणाले. "पलीकडून पन बग."

मी उलटा करून बघितला. शेपटी अख्खी होती.

"कुणाचा?" मी मुद्दाम विचारलं.

"माजा," काका म्हणाले.